यादीतलं खालचं नाव

धोंड्याच्या महिन्यात जावई देवासारखा, असं म्हणतात. आणि देवाकडे माणूस काहीतरी मागायलाच जातो. सविताने रविवारचं जेवण ठेवलं ते हेच मनात धरून. अधिक महिना संपत आला होता. नवऱ्याने, निवृत्तीरावांनी, आपल्याच गिरणीतून गहू बारीक दळून आणले होते, पुरण सकाळीच शिजलं होतं आणि तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात रचून झाले होते. जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, धोंड्यांवर तुपाची धार सोडायची, आणि तो तृप्त होऊन हात पुसायला लागला की हळूच म्हणायचं, "जावईबापू, तेजूला तुम्हीच समजवा, ही नोकरी नको." लेक आईचं ऐकत नाही हे गेल्या महिन्याभरात कळून चुकलं होतं. नवऱ्याचं ऐकते का, ते बघायचं होतं.

तेजस्विनीला रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून घेतलं होतं. मालगाडीवर. मंगळवारी भुसावळला हजर व्हायचं, नाहीतर निवड रद्द. काही महिने ट्रेनिंग, मग मनमाड. मालगाडीला वेळापत्रक नसतं, त्यामुळे ती चालवणाऱ्यालाही नसतं. फोन येईल तेव्हा दोन तासांत लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या हजेरीच्या ऑफिसात, उभं राहायचं. पहाट असो की दिवाळीची पहिली आंघोळ. जावई रुद्र अंबडला कंपनीत कंत्राटावर, तीन पाळ्यांत. नात इरा तीन वर्षांची. मनमाडला सविताच्या वडिलांचं, नानांचं, आणि आईचं घर होतं, पण नाना अठ्ठ्याहत्तरचे, आई त्र्याहत्तरची, त्यांनी पोरीमागे किती पळायचं? म्हणजे उरली सविता. नाशिकचं घर, सिडकोतल्या शेजारणी, नवरा, सगळं मागे ठेवून तिने मनमाडला जाऊन राहायचं. ज्या गावातून लग्न करून एकदाची सुटले असं तिला तीस वर्षं वाटत होतं, तिथेच.

ती हो म्हणाली तर नोकरी, नाही म्हणाली तर नुसता कागद. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याने म्हणायची वाट बघत होता.

नाना आणि आई सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आले. नानांनी, म्हणजे धोंडीराम बोरशांनी, चौतीस वर्षं मालगाड्या चालवल्या होत्या. त्यांनी दारातच चपला जोडीने लावल्या आणि हातातला केळ्यांचा घड सविताकडे दिला.

"चांगली हायेत बघ. तुझ्यासाठी आणली."

"असू देत," सविता म्हणाली आणि घड फ्रिजवर ठेवून दिला. ती अकरा वर्षांची असल्यापासून केळं खात नव्हती. निवृत्तीरावांना माहीत होतं, तेजूला माहीत होतं, कामवालीलाही माहीत होतं. नानांना मात्र कधी कळलं नव्हतं आणि ते दर खेपेला केळी आणत.

सिन्नरहून विहीणबाई आल्या. उज्वलाबाईंचं सगळंच दणक्यात असे. पायरी चढतानाच त्यांचा आवाज आत पोचला.

"सूनबाई सरकारी झाली म्हणायची! मी तर म्हशीच्या धारेच्या आधी देवाला साखर ठेवली."

सविताचा धीर तिथेच थोडा खचला. म्हणजे ही बाई तिकडच्या बाजूची. आपल्या बाजूला कोण? निवृत्तीराव कोणाच्याच बाजूला नसत, ते गिरणीच्या बाजूला असत.

रुद्रला पाटावर बसवलं. सविताने आणि निवृत्तीरावांनी त्याला ओवाळलं. तो लाजून अवघडून बसला होता, कारण इरा त्याच्या मांडीवर बसून अनारशांच्या ताटात हात घालत होती. शेजारी सविताने दुसरा पाट मांडला.

"नाना, तुम्ही पण बसा. तुम्हीही आईच्या माहेरचे जावईच की."

"नको. मी हितं खाटेवर बरा. मला भाकरी दे आणि काय भाजी आसंल ती."

"दर वेळी काय हो? एक धोंडा खाल्ल्याने साखर वाढत नाही."

"नको म्हनलं ना," नाना म्हणाले. आवाज चढला नाही, पण पुढे बोलायची सोय राहिली नाही. सविताने बायडाबाईंकडे, आईकडे पाहिलं. आई पदराने कपाळ पुसत दुसरीकडे बघत होती. दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना यायचा आणि दर वेळी नाना भाकरी मागायचे. म्हाताऱ्या माणसाचं खूळ म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

जेवणं रंगात आली. आमरसाची दुसरी वाटी झाली. इरा आमरसाने माखली आणि आजोबांच्या, म्हणजे निवृत्तीरावांच्या, खांद्यावर झोपून गेली. तिला आतल्या खोलीत निजवलं. नाना खाटेवरून उठले, हलक्या हाताने त्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

सविता तोंड उघडणार तेवढ्यात उज्वलाबाईंनीच विषय काढला.

"मग सूनबाई, मनमाडला खिडकी कोनती मिळनार? रिझर्वेशनची का साधी?"

तेजस्विनीने पाणी पिता पिता रुद्रकडे पाहिलं. रुद्र ताटातल्या मिठाकडे बघू लागला.

"खिडकी नाही आई," तेजस्विनी म्हणाली. "इंजिन. मालगाडीचं."

"मालगाडीचं काय?"

"चालवायचं. आधी असिस्टंट, मग मुख्य."

उज्वलाबाईंनी हातातला अर्धा अनारसा ताटात ठेवला. "रुद्र, तू मला काय म्हनला होता?"

"रेल्वेत लागली म्हणालो. खोटं काय बोललो?"

"अरे, रेल्वेत कोळसा बी आसतो. सगळं सांगावं लागतं." त्या सविताकडे वळल्या. "विहीणबाई, तुम्हाला ठाव होतं? बाईमानसाने मालगाडी? कुठं जंगलात उभी राहिली तर? आन् रात्री बोलावनं आलं तर?"

"मी महिनाभर तेच सांगतेय," सविता म्हणाली. मघाशी हातची गेलेली विहीण अशी आयती पदरात पडली, पण तिला त्याचा म्हणावा तसा आनंद झाला नाही. उज्वलाबाईंच्या तोंडून तेच शब्द ऐकताना ते फार कमी वाटत होते. बाईमाणूस, रात्र, जंगल, हे तिचं दुखणंच नव्हतं.

तेजस्विनीने ताट बाजूला सरकवलं. "आई, मी आत्ता जिथे आहे ते तरी बघा. सहा वर्षं एकाच मशीनवर आहे आणि कागदावर दर वर्षी नवी. अकरा महिने झाले की गेटपास संपतो. इराच्या वेळी सातव्या महिन्यात तो पुन्हा काढलाच नाही. कोणी रागावलं नाही, कोणी काढून टाकलं नाही. फक्त गेटवर माझं नाव नव्हतं. भांडायचं कोणाशी? कायमच्या लोकांना युनियन आहे, कंत्राटाला कोण विचारतंय?"

"माझंही तेच आहे," रुद्र हळूच म्हणाला. धोंड्याच्या पाटावर बसलेल्या जावयाने असं काही कबूल करायला धीर लागतो. सविताला त्याच्याकडून जे वदवून घ्यायचं होतं, ते आता निघणार नव्हतं हे तिला कळलं. "दोघांतल्या एकाचं तरी नाव पक्क्या यादीत असावं, एवढंच."

"तिथं तर पक्की यादी आसती, नंबराने कॉल येतो," नाना खाटेवरून म्हणाले. "युनियन बी हाय. रेस्ट पुरा झाला नसंल तर जात नाय म्हनून सांगता येतं. दोन तास आधी कळवायचंच. हे कोनी खिरापत म्हनून नाय दिलं. आमच्या पोरांनी भांडून घेतलं. लय फरक हाय गं, आपल्या बाजूने कोन उभं आसलं की."

"मिळाला ना तुम्हाला रेस्ट," सविता म्हणाली. "मिळाला की तुम्ही झोपायचात. आणि आम्ही पायाच्या बोटांवर चालायचो."

सगळे तिच्याकडे बघू लागले. नानांनी मान खाली घातली.

मनमाडच्या त्या क्वार्टरमध्ये 'नाना झोपलेत' हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं होतं. दुपारी खलबत्ता वाजवायचा नाही. सागरगोटे गोधडीवर खेळायचे, फरशीवर नाही. दाराशी लोखंडी पेटी कायम भरलेली, तिच्यात एक कपड्यांचा जोड, तवा, पीठ-मीठ. लॉबीचा माणूस सायकलवरून कॉलबुक, म्हणजे बोलावण्याची वही, घेऊन यायचा, नाना सही करायचे, सही झाली की जावंच लागे, आणि दोन तासांत पेटीसकट गायब. सण कॅलेंडर बघून नाही, नाना बघून व्हायचे. एका वर्षी भाऊबीज पाडव्याच्या आधी झाली होती. शाळेत सविताने ते मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसल्या. तेव्हापासून तिने घरचं काही सांगणंच सोडलं. एकच गोष्ट ती छातीशी धरून होती. तिच्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला नानांची सही असायची. वाकडी, जाड, पण वेळेवर. बाप घरी नसला तरी आपले मार्क बघून गेलाय, असं तिला वाटायचं.

"इराला हेच द्यायचंय?" ती तेजूला म्हणाली. "आई कधी येणार विचारलं की फोन येईल तेव्हा जाणार आणि गाडी सुटेल तेव्हा येणार, हे उत्तर? तुला माहीत नाही तेजू. मला माहीत आहे. माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी मी अकराची होते. घाबरून रडत होते. नाना म्हणाले होते, तू डोळे उघडशील तेव्हा मी समोर बसलेला असेन. मी डोळे उघडले तर समोर रिकामं स्टूल. तीन दिवसांनी आले, भुसावळची केळी घेऊन."

हे ती आयुष्यात पहिल्यांदा नानांसमोर बोलली होती. नानांनी एकदा फ्रिजवरच्या घडाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"खोटं नका बोलू," बायडाबाई म्हणाल्या.

त्या सकाळपासून दोन वाक्यं बोलल्या असतील. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. नाना त्यांना म्हणाले, "बायडे, राहू दे."

"किती दिस राहू देऊ? मरायला आले मी." त्यांनी हात पुढे केला. "तेजे, पेन दे. आन् कागद काय आसंल त्यो."

तेजस्विनीने पर्समधला पेन आणि एक जुनी पावती दिली. बायडाबाईंनी पावती फरशीवर ठेवली, वाकल्या आणि अगदी सावकाश, जीभ ओठांत धरून, दोन अक्षरं आणि एक आडनाव काढलं. मग कागद सविताकडे सरकवला.

धों. ग. बोरसे. जाड, वाकडी, शेवटी खाली ओढलेली रेघ. सविताने ती सही चौथीत, पाचवीत, सातवीत बोटाने गिरवली होती.

"आई, तुला लिहिता येत नाही," ती म्हणाली.

"येवढंच येतं. ह्ये रात्रभर जागून यायचे आन् डोळा लागतो न लागतो तोच कॉलबुक दारात. सहीसाठी उठवायचं जिवावर यायचं. मग मीच शिकले. मी सही करायची, अजून धा मिंटं झोपू द्यायचं, मग उठवायचं. लॉबीचा मानूस बी काय बोलायचा नाय. तुझ्या शाळंचं बी मीच करायची."

सविताने पावती हातात घेतली. एवढी एक सही होती, तीही नानांची नव्हती.

"आता पुढचं ऐक," बायडाबाई म्हणाल्या. "तुझ्या आप्रेशनच्या आधी एक महिना. धोंड्याचाच महिना होता. माझी आय नांदगावहून टोपलं घेऊन आली, जावयाला जेवू घालायला. लग्नाला तेरा वर्सं झालेली आन् जावई एकदा पाटावर बसलेला नाय. दर बारीला कॉल. त्या दिवशी बसले. आयने पहिला धोंडा वाढला, आन् दारात सायकलची घंटी."

नाना उठून खिडकीपाशी गेले.

"मी भायेर गेले आन् म्हनले, ते घरी नायेत, गावाला गेलेत. त्यो म्हनला बरं, आन् खालच्या नावाकडं गेला. यादीत ह्यांच्या खाली चिमाजीचं नाव. शेजारच्याच दाराचं."

"चिमाजीकाका?" सविताने विचारलं. चिमाजीकाका तिला चांगले आठवत होते. युनियनचे शाखा सेक्रेटरी, मोठ्याने हसणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि नानांनी मनमाडला लागून लागून घरं बांधली. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची बायको, साळूकाकू, अजून तिथेच राहत होती.

"त्येच. साळूबाईला नववा महिना सरत आलेला. चिमाजी नुकता रेस्ट संपवून बसलेला, त्याला वाटलं आपला नंबर उद्या. कॉल आला, गेला बिचारा. रातच्याला तिच्या पोटात दुखाया लागलं. आम्ही बायकांनी टांगा शोधला, दवाखान्यात न्हेली. पोरगं राहिलं नाय."

उज्वलाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"चिमाजी आसता तर जगलं आसतं, आसं मी म्हनत नाय," बायडाबाई म्हणाल्या. "डॉक्टर बी म्हनला, काय उपाय नव्हता. पर त्याने तिथं आसायला पायजे होतं. त्यो नव्हता, कारन मी खोटं बोलले."

"एकटी नव्हतीस तू," नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "मी आत बसून सगळं ऐकलं. घास तोंडात होता. उठता आलं आसतं. नाय उठलो. गिळला."

सविताला मघाची भाकरी आठवली. आणि तीन वर्षांपूर्वीची, आणि त्याच्या आधीची.

"मग महिन्याने तुझं आप्रेशन," बायडाबाई म्हणाल्या. "ह्ये सकाळी आंघोळ करून तयार. मला म्हनले, आज ब्रह्मदेव आला तरी जानार नाय, सिकमध्ये जातो, आजारी म्हनून रजा टाकतो, पोरीपाशी बसतो. ह्ये चूळ भराया मोरीत गेले आन् कॉलबुक आलं. मी ईचारलं, ह्यांच्या खाली कोनाचं नाव? त्यो म्हनला, चिमाजी. साळूबाई तवा अंथरुनातून उठत नव्हती, चिमाजी तिला भरवायचा. मी काय करू? मी सही केली."

"आई..."

"मोरीतून आले, मी सांगितलं सही झाली. लय रागवले. तवा पयल्यांदा आन् शेवटचं माझ्यावर हात उगारला, पर मारलं नाय. मग पेटी उचलली आन् गेले. तू नानांवर रागावली, ती माझ्या सहीवर रागावलीस."

सविता उठली. कुठे जायचं हे न ठरवताच उठली आणि नानांच्या मागे जाऊन उभी राहिली. पाठीमागून ते बारीक दिसत होते. सदऱ्याची कॉलर उसवली होती.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?"

"काय सांगायचं? तुझ्या आयने पाठवलं म्हनून? मी तसा बी घरी नसायचो. ती रोज घरात. पोरीचा राग माझ्यावर आसलेला बरा, म्हनलं. मला त्यो गाडीवर न्हेता येत होता."

सविताला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. नानांना अशा वेळी काय करायचं हे कधीच माहीत नसायचं. त्यांनी तिच्या हातातली ती पावती घेतली, नीट घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवली.

"चिमाजीला कळलं होतं?" निवृत्तीरावांनी विचारलं. ते एवढा वेळ जेवणाच्या ताटापाशीच बसून होते, हात वाळून गेला होता.

"मीच सांगितलं," नाना म्हणाले. "दोन वर्सांनी. म्हनलं मार, शिव्या दे, काय बी कर. त्यो म्हनला, धोंड्या, तू नाय म्हनला आसता तर पुस्तकात आजारी लिव्हलं आसतं, आन् तरी खालचं नाव माझंच होतं. चूक यादीची हाय. म्हनून युनियनच्या मीटिंगला त्यानं त्येच धरलं. घरात बाळंतपन, दुखनं आसंल त्याचं नाव आठवडाभर खाली सरकवायचं. कुठल्या कायद्यात नव्हतं ते. आमचं आमच्यात ठरलं आन् लॉबीच्या बाबूनं मानलं. पुढं सायेब बदलले, मानलं कधी, कधी नाय. पर आम्ही सोडलं नाय. आमच्यातला एक जात नसला की दुसरा जानून जायचा. चोरून नाय, सांगून."

उज्वलाबाईंनी खाकरून घसा साफ केला. "माझ्या मालकाच्या अखेरीला रुद्र कंपनीत होता. सुट्टी मागितली तर म्हनले, उद्यापासून येऊच नको. त्याचं नाव खाली सरकवायला कोन होतं?" त्या तेजस्विनीकडे बघून म्हणाल्या, "मालगाडी तर मालगाडी. मी महिन्यातून आठ दिवस मनमाडला येत जाईन. म्हशीचं काय करायचं तेवढं बघते."

म्हणजे विहीणबाई परत तिकडे गेल्या. सविताला या खेपेला त्याचं काही वाटलं नाही.

तेजस्विनी आईजवळ आली. "आई, तू नाही म्हणालीस तर मी मंगळवारी जाणार नाही. रुसून नाही सांगत, खरं सांगतेय. इराला कोणाच्याही दारात ठेवून मला जायचं नाही. तू असशील तर जाईन."

"आणि बाबांचं काय?" सविता म्हणाली.

"मला पिठलं येतं," निवृत्तीराव म्हणाले. "आणि पीठ गिरणीत आहे. सोमवारी गिरणी बंद असते, रविवारी संध्याकाळी येत जाईन मनमाडला."

लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाने एका दमात एवढं बोलल्याचं सविताला आठवत नव्हतं. त्याने हे आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि वाट बघत होता.

मनमाडला जायचं. परत त्याच गावात, परत दाराशी भरलेली बॅग, परत दुपारी झोपलेलं माणूस. एक गोष्ट ऐकली म्हणून यातलं काही हलकं झालं नव्हतं. इरा रडणार होती आणि ती तिलाच थोपटावी लागणार होती. पण आपण इतकी वर्षं ज्या रिकाम्या स्टुलाकडे बघत आलो, त्यावर बसायला निघालेलं माणूस होतं, हे आता तिला माहीत होतं. आपल्याला ते कोणी सांगितलं नाही. दुखणं तिथे होतं.

"ते कागद आण," ती म्हणाली.

तेजस्विनीने फाइल आणली. हजर होताना द्यायच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरलं होतं. फोन नंबरही होता. त्याच्या खालची ओळ कोरी होती. फोन न लागल्यास दुसरा नंबर.

"इथे रुद्रचा का नाही घातलास?"

"कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत," रुद्र म्हणाला. "गेटवर जमा करावा लागतो."

सविताने पेन घेतला. लिहायच्या आधी थांबली.

"माझी एक अट आहे तेजू. बोलावणं आलं की जायच्या आधी इराला उठवायचं. रात्री दोन वाजले असले तरी. ती रडेल, तुझा पाय धरेल, तुला उशीर होईल. तरी उठवायचं आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं, मी चाललेय. झोपेतून निघून जायचं नाही. आणि परत कधी येणार ते ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. समोर बसलेली असेन असलं काही कबूल करायचं नाही."

"नाही करणार," तेजस्विनी म्हणाली.

सविताने आपला नंबर लिहिला. दहा आकडे, एकेक सुटा, लॉबीच्या बाबूला नीट वाचता यावा असा. बायडाबाई वाकून बघत होत्या. आकडे त्यांना कळत नव्हते, पण कोरी ओळ भरली हे कळलं.

मग सविता नानांकडे वळली. रुद्रच्या शेजारचा पाट अजून तसाच मांडलेला होता.

"नाना, आता बसा."

नाना पाटाकडे बघत उभे राहिले. बायडाबाईंनी भिंतीचा आधार घेत स्वतःला उभं केलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. धोंडे अजून कोमट होते. त्यांनी ताट घेतलं, तेव्हा नाना म्हणाले, "थांब. आधी डबा दे."

"कसला डबा?"

"साळूबाईचा. संध्याकाळच्या गाडीने जायचंच हाय. पयला तिचा काढ, मग मला वाढ."

सविताने फळीवरचा स्टीलचा डबा उतरवला, पुसला, आणि पातेल्यातले सगळ्यात वरचे चार धोंडे त्यात ठेवून वर तूप घातलं. झाकण लावून डबा दाराशी, नानांच्या चपलांजवळ ठेवला. मागे वळून पाहिलं तर नाना पाटावर बसले होते.